इंग्लंडमधील जुनी मृत्युपत्रे व प्रोबेटचे दप्तर : कौटुंबिक इतिहासाचे साधन आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना

इतिहासलेखनात अस्सल कागदपत्रांचे महत्त्व महाराष्ट्रातील अभ्यासकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करावयास प्रारंभ केला, तेव्हापासून घराण्यांची दप्तरे हा आपल्याकडील संशोधनाचा पाया राहिला आहे. वतनपत्रे, महजर, निवाडपत्रे यांच्या आधारे आपण कुळाचा माग काढतो. इंग्लंडमध्ये सामान्य कुटुंबाचा असा माग काढावयाचा झाल्यास तीन साधने प्रमुख ठरतात : चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या, जनगणनेची पत्रके आणि मृत्युपत्रे. पहिल्या दोन साधनांतून माणसाचे अस्तित्व समजते. मृत्युपत्रातून त्याचे नातेसंबंध, मालमत्ता, कर्जे आणि क्वचित रागलोभही समजतात. म्हणूनच इंग्लंडमधील कौटुंबिक इतिहासाच्या अभ्यासात मृत्युपत्रास मोठे स्थान प्राप्त झाले आहे.

तथापि मृत्युपत्र ही वंशावळ नव्हे. मालमत्तेच्या हस्तांतरणासाठी तयार झालेला आणि न्यायालयाच्या शिक्क्याने वैध ठरलेला तो एक कायदेशीर दस्तऐवज होय. त्यात कोणाचे नाव यावे आणि कोणाचे येऊ नये हे केवळ मायेवर ठरत नव्हते. ते तत्कालीन कायद्यावर आणि सत्तेच्या रचनेवरही ठरत होते. ही बाब दुर्लक्षित राहिल्यास अभ्यासक मृत्युपत्रातील मौनाचा चुकीचा अर्थ लावतो. प्रस्तुत लेखात या साधनाची घडण, त्याचा शोध घेण्याची पद्धत आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१. इंग्लंडमधील प्रोबेट व्यवस्थेचा ऐतिहासिक विकास समजून घेणे.
२. मृत्युपत्रांचा शोध घेताना न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राचे महत्त्व स्पष्ट करणे.
३. मृत्युपत्रातील नातेवाचक शब्द आणि मौन यांचे वाचन कसे करावे याची चर्चा करणे.
४. मुंबई इलाख्याशी संबंधित प्रोबेट दप्तराची उपयुक्तता निदर्शनास आणणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विल्यम शेक्सपिअर यांचे सर्वपरिचित मृत्युपत्र नमुना म्हणून तपासले आहे.

प्रोबेट व्यवस्थेची घडण

एखाद्या व्यक्तीचे मृत्युपत्र खरे व अखेरचे आहे, असे न्यायालयाने प्रमाणित करणे म्हणजे प्रोबेट. असे प्रमाणपत्र मिळाल्यावरच मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकास मालमत्तेची वाटणी करण्याचा अधिकार प्राप्त होत असे. मृत्युपत्र न करता मृत्यू झाल्यास न्यायालय जवळच्या नातलगास अथवा धनकोस प्रशासनपत्र देत असे. सर आयझॅक न्यूटन यांचे १७२७ मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. त्यामुळे त्यांची संपत्ती त्यांच्या सावत्र भावंडांच्या मुलांकडे गेली आणि त्यांच्या घरातील वस्तूंची तपशीलवार यादी न्यायालयाच्या दप्तरात जमा झाली. अर्थात मृत्युपत्र नाही म्हणून कागदच नाही, असे मानण्याचे कारण नाही.

मध्ययुगापासून १८५८ पर्यंत इंग्लंड व वेल्समध्ये हे काम प्रामुख्याने धर्मन्यायालयांकडे होते. माणसाची अखेरची इच्छा हा त्याच्या आत्म्याच्या कल्याणाशी निगडित विषय मानला जाई, त्यामुळे चर्चचा त्यावरील अधिकार स्वाभाविक समजला गेला. जंगम मालमत्ता धर्मन्यायालयाच्या कक्षेत येत असे, तर जमीन ही लौकिक कायद्याची बाब होती. १५४० च्या मृत्युपत्रविषयक कायद्याने जमीनही मृत्युपत्राने देण्याची मुभा मोठ्या प्रमाणावर दिली. १६७७ च्या कायद्याने जमिनीसंबंधीचे मृत्युपत्र लेखी, स्वाक्षरीसह आणि किमान तीन साक्षीदारांसमोर झालेले असणे बंधनकारक केले. जंगम मालमत्तेला मात्र ही अट नव्हती. जेन ऑस्टेन यांनी एप्रिल १८१७ मध्ये स्वहस्ते केलेल्या मृत्युपत्रावर एकाही साक्षीदाराची सही नाही. त्यांनी भाऊ हेन्री व मादाम बिझाँ यांना प्रत्येकी ५० पौंड देऊन उर्वरित सर्व काही बहीण कॅसँड्रा हिच्या नावे केले. जमीन नसल्यामुळे हा कागद ग्राह्य ठरला. केवळ हस्ताक्षर ओळखणाऱ्यांची शपथ घ्यावी लागली. पुढे १८३७ च्या कायद्याने सर्व प्रकारच्या मृत्युपत्रांसाठी दोन साक्षीदार आणि २१ वर्षे पूर्ण वय हा एकच नियम केला. तत्पूर्वी जंगम मालमत्तेचे मृत्युपत्र १४ वर्षांचा मुलगा व १२ वर्षांची मुलगीही करू शकत असे. त्यामुळे जुने मृत्युपत्र आढळले म्हणजे ती व्यक्ती २१ वर्षांची होतीच, असे अनुमान काढता येत नाही.

न्यायालय कोणते, हा पहिला प्रश्न

जुन्या मृत्युपत्राचा शोध नावापासून सुरू होतो असे नवशिक्या अभ्यासकास वाटते. वस्तुतः तो न्यायालयापासून सुरू होतो. १८५८ पूर्वी मृत्युपत्रे प्रमाणित करणारी दोनशेहून अधिक न्यायालये होती. सर्वांत खाली आर्चडीकनचे न्यायालय, त्यावर बिशपचे न्यायालय आणि सर्वांत वर कँटरबरी व यॉर्क येथील आर्चबिशपांची विशेषाधिकार न्यायालये अशी ही उतरंड होती. याखेरीज ‘पेक्युलियर’ म्हणून ओळखली जाणारी लहान क्षेत्रे होती. ती भौगोलिकदृष्ट्या एका बिशपच्या प्रांतात असली तरी त्याच्या अधिकाराबाहेर असत. त्यामुळे शेजारच्या दोन गावांतील मृत्युपत्रे दोन वेगळ्या दप्तरांत सापडण्याची शक्यता असते.

मृत व्यक्तीची मालमत्ता एकाहून अधिक बिशपांच्या प्रांतांत असेल, तर प्रकरण वरच्या न्यायालयात जाई. दुसऱ्या प्रांतातील मालमत्ता किमान ५ पौंडांची असल्यास हा नियम लागू होत असे. लंडनमध्ये ही मर्यादा १० पौंड होती. समुद्रावर किंवा परदेशी मृत्यू पावलेल्या आणि इंग्लंडमध्ये मालमत्ता असलेल्या व्यक्तींची प्रकरणे कँटरबरीच्या न्यायालयाकडे जात. शिवाय प्रतिष्ठेसाठीही अनेक सधन कुटुंबे तेथेच जाणे पसंत करीत. या न्यायालयाने नोंदविलेल्या मृत्युपत्रांच्या प्रती आज लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘प्रॉब ११’ या मालिकेत आहेत. १३८४ ते १८५८ या काळातील दहा लाखांहून अधिक मृत्युपत्रे या एका मालिकेत असून त्यांची नावनिहाय सूची संगणकावर उपलब्ध आहे. यॉर्कच्या न्यायालयाचे दप्तर यॉर्क विद्यापीठातील बॉर्थविक संस्थेत आहे. इतर न्यायालयांची दप्तरे प्रामुख्याने त्या त्या परगण्याच्या अभिलेखागारात विखुरलेली आहेत. यादवी युद्धानंतर धर्मन्यायालये बंद झाली. त्यामुळे १६५३ ते १६६० या काळातील देशभरातील मृत्युपत्रे लंडनमधील एकाच लौकिक न्यायालयात प्रमाणित झाली आणि ती कँटरबरीच्या दप्तरात समाविष्ट आहेत.

१८५७ च्या कायद्याने ही गुंतागुंत संपुष्टात आणली. १२ जानेवारी १८५८ पासून संपूर्ण इंग्लंड व वेल्ससाठी एकच शासकीय व्यवस्था अस्तित्वात आली आणि दरवर्षीची वर्णानुक्रमे छापील सूची तयार होऊ लागली. या सूचीत मृत व्यक्तीचे नाव, पत्ता, मृत्यूची तारीख, व्यवस्थापकांची नावे आणि मालमत्तेचे मूल्य आढळते. पुष्कळदा व्यवसाय व व्यवस्थापकांचे नातेही नमूद असते. मात्र १८५८ ते १८७० या काळात प्रशासनपत्रांची सूची स्वतंत्र होती, हे विसरल्यास मृत्युपत्र न केलेल्या व्यक्ती नजरेतून निसटतात.

काही ठिकाणी मूळ कागद कायमचे नष्ट झाले आहेत. मे १९४२ मधील जर्मन बॉम्बहल्ल्यात एक्सिटर येथील प्रोबेट कार्यालय जळाले आणि डेव्हन परगण्याची असंख्य मृत्युपत्रे गेली. अशा वेळी अप्रत्यक्ष साधने उपयोगी पडतात. १७९६ पासून वारसांवर आकारलेल्या कराच्या नोंदवह्या १९०३ पर्यंतच्या असून त्यांत वारसांचे मृताशी असलेले नाते नमूद केलेले आढळते. मृत्युपत्रात काय द्यावयाचे होते ते समजते, तर करवहीतून प्रत्यक्षात कोणाला काय मिळाले याचा अंदाज येतो.

नमुना अभ्यास : शेक्सपिअर यांचे मृत्युपत्र

या साधनाचे सामर्थ्य व धोके एकत्र पाहावयाचे झाल्यास शेक्सपिअर यांच्या तीन पानी मृत्युपत्राकडे वळावे लागते. त्यावर २५ मार्च १६१६ ही तारीख असली तरी ‘जानेवारी’ हा शब्द खोडून ‘मार्च’ लिहिलेला आहे. २३ एप्रिल १६१६ रोजी त्यांचा मृत्यू झाला आणि २२ जून १६१६ रोजी कँटरबरीच्या न्यायालयात मृत्युपत्र प्रमाणित झाले. थोरली मुलगी सुझॅना हिला घर व जमीन, धाकटी ज्युडिथ हिला रोख रक्कम, बहीण जोन व तिच्या मुलांना काही देणग्या आणि तीन नटमित्रांना अंगठ्यांसाठी पैसे अशी वाटणी त्यात आहे. पत्नीच्या वाट्याला ‘दुसऱ्या क्रमांकाचा चांगला पलंग’ एवढीच वस्तू आली असून हे वाक्य ओळींच्या मध्ये नंतर घातलेले आहे. पत्नीचे नावही त्यात नाही. केवळ ‘माझी पत्नी’ असा उल्लेख आहे.

या पलंगावरून पतिपत्नींत वितुष्ट होते, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. परंतु तत्कालीन सामान्य कायद्यानुसार विधवेस पतीच्या जमिनीच्या एकतृतीयांश भागाचा हयातीपर्यंत उपभोग घेण्याचा हक्क होता आणि तो मृत्युपत्रात लिहिण्याची आवश्यकता नव्हती. या प्रकरणात तो हक्क प्रत्यक्षात कितपत लागू झाला याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि जे कायद्याने मिळणारच होते ते मृत्युपत्रात नसणे, हा अनादराचा पुरावा ठरत नाही. हाच न्याय थोरल्या मुलाला केवळ एक शिलिंग ठेवणाऱ्या मृत्युपत्रांनाही लागू पडतो. असा मुलगा बापाच्या मर्जीतून उतरला होता असे सरसकट मानले जाते. पुष्कळदा त्याला त्याचा हिस्सा बापाच्या हयातीतच मिळालेला असे.

नातेवाचक शब्दांचा प्रश्न याहून बिकट आहे. शेक्सपिअर यांनी आपली नात एलिझाबेथ हॉल हिचा उल्लेख ‘नीस’ या शब्दाने केला आहे. आजच्या अर्थाने हा शब्द भाची किंवा पुतणीसाठी वापरला जातो. केवळ या शब्दावर विसंबून वंशवृक्ष काढणारा अभ्यासक नातीला दुसऱ्याच फांदीवर बसवील. चुलत, मामे, मावस, आते अशी काटेकोर नाती सांगणाऱ्या मराठी वाचकास इंग्रजीतील ‘कझिन’ हा शब्द आधीच तोकडा वाटतो. सोळाव्या-सतराव्या शतकात तर तो भाचा, पुतण्या किंवा दूरच्या आप्तासाठीही वापरला जात असे. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई असेल किंवा सावत्र मुलगाही असेल. ‘माझी आताची पत्नी’ या शब्दप्रयोगावरून आधी दुसरी पत्नी होती असे सिद्ध होत नाही; तो वकिली साच्याचा भाग होता. याच मृत्युपत्रात बहिणीच्या तीन मुलांपैकी एकाच्या नावाची जागा कोरी सोडलेली आहे. मामाला भाच्याचे नाव आठवले नाही की लेखनिकाने चौकशीसाठी जागा ठेवली, हे सांगता येत नाही. मात्र आपल्या हयातीत नाव न लिहिलेला नातलग मुळात नव्हताच, असे म्हणण्याचे धाडस करू नये, हा धडा त्यातून मिळतो.

तारखांबाबतही सावधगिरी हवी. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्च रोजी सुरू होई. त्यामुळे १० फेब्रुवारी १६९० अशी तारीख असलेले मृत्युपत्र आजच्या गणनेनुसार १६९१ मधील ठरते. प्रोबेटचा शेरा १७३३ पर्यंत, १६५० च्या दशकाचा अपवाद वगळता, लॅटिन भाषेत असे. मृत्युपत्राचा मजकूर मात्र सोळाव्या शतकापासून बहुतांशी इंग्रजीत आढळतो.

मृत्युपत्रात नसलेली माणसे

मृत्युपत्रांच्या आधारे लिहिलेला इतिहास हा मालमत्ता असलेल्यांचा इतिहास असतो. ज्याच्याकडे वाटण्यासारखे काही नव्हते त्याने मृत्युपत्र करण्याचे कारण नव्हते. त्याहून महत्त्वाची बाब स्त्रियांची आहे. विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता कायद्याने पतीची मानली जाई, त्यामुळे त्याच्या संमतीशिवाय तिला सामान्यतः मृत्युपत्र करता येत नसे. ही स्थिती १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्याने बदलली. म्हणून त्यापूर्वीच्या दप्तरात आढळणाऱ्या स्त्रिया बहुतांशी विधवा अथवा अविवाहित आहेत. पतीच्या आधी मृत्यू पावलेली गृहिणी या दप्तरात क्वचितच बोलते.

हे मौन इंग्लंडपुरते मर्यादित नाही आणि येथेच हा विषय महाराष्ट्राच्या इतिहासाला येऊन मिळतो. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे मेयरची न्यायालये स्थापन झाली आणि त्यांना प्रोबेट देण्याचा अधिकार मिळाला. मुंबईत १७९८ मध्ये रेकॉर्डरचे न्यायालय, त्यानंतर सर्वोच्च न्यायालय आणि १८६२ मध्ये उच्च न्यायालय अशी ही परंपरा पुढे चालली. कंपनीचे नोकर, लष्करी अधिकारी व व्यापारी यांच्या मृत्युपत्रांच्या आणि मालमत्तेच्या याद्यांच्या प्रती लंडनला पाठविल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मृताच्या वस्तूंचा लिलाव होत असे आणि त्याचे हिशेबही या दप्तरात आढळतात. मुंबईच्या सामाजिक व आर्थिक इतिहासासाठी हे साधन मोलाचे आहे.

या मृत्युपत्रांमध्ये भारतीय स्त्रियांचे उल्लेख येतात. पुणे दरबारात १७९८ ते १८०१ या काळात कंपनीचे रेसिडेंट असलेले विल्यम पामर १८१६ मध्ये मृत्यू पावले. त्यांनी आपली दीर्घकालीन सहचारिणी फैज बक्ष हिचा मृत्युपत्रात नावानिशी व आदराने उल्लेख केला आहे. परंतु असे उदाहरण सार्वत्रिक नव्हते. दुर्बा घोष यांनी वसाहतकालीन कुटुंबसंस्थेवरील आपल्या २००६ च्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, अशा अनेक स्त्रिया दप्तरात नावाविना, केवळ एका नावाने किंवा बदललेल्या ख्रिस्ती नावाने येतात. मुलांच्या पित्याचे संपूर्ण नाव, हुद्दा व गाव नोंदलेले असते. आईचे कुळ, गाव व जात यांचा पत्ता लागत नाही. आपल्या पणजीचे मूळ शोधू पाहणाऱ्या अँग्लो-इंडियन कुटुंबाचा शोध नेमका याच ठिकाणी थांबतो. नाव लिहिणाऱ्याला ते आवश्यक वाटले नाही आणि वारसांना ते पुन्हा मिळविता आले नाही. साधनाची मर्यादा ही येथे केवळ संशोधनपद्धतीची अडचण राहत नाही. ती एका अन्यायाची खूण ठरते.

मूळ कागद आणि प्रत

नोंदवहीतील प्रत व मूळ कागद यांतील भेदही लक्षात घेतला पाहिजे. ‘प्रॉब ११’ मधील मृत्युपत्रे ही लेखनिकांनी उतरवून घेतलेल्या प्रती आहेत. त्यांत मृत व्यक्तीची मूळ स्वाक्षरी नसते आणि खाडाखोडही सलग मजकुरात विरून जाते. पलंगाचे वाक्य नंतर घातले गेले हे मूळ कागद पाहिल्यामुळेच समजते. २०१६ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराने शेक्सपिअर यांच्या मूळ मृत्युपत्राची आधुनिक प्रकाशतंत्राने तपासणी केली, तेव्हा शाईतील फरकांवरून त्यातील दुसरे पान आधीच्या मसुद्यातील असावे असे मत पुढे आले. चारशे वर्षे जुन्या कागदाने अशी नवी माहिती दिली, कारण तो कागद शिल्लक होता.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश न्याय मंत्रालयाने मांडलेला प्रस्ताव विचारात घेण्याजोगा आहे. १८५८ नंतरच्या मूळ कागदी मृत्युपत्रांची संगणकीय प्रतिमा तयार करून ठरावीक काळानंतर मूळ कागद नष्ट करावेत, मात्र प्रसिद्ध व्यक्तींचे कागद जतन करावेत, असे त्यात सुचविले होते. इतिहासकारांनी त्यास तीव्र हरकत घेतली. खर्चाचा प्रश्न खरा असला तरी कोणती व्यक्ती प्रसिद्ध हे कोणत्या पिढीने ठरवावयाचे, हा मूलभूत प्रश्न त्यातून उपस्थित झाला. कौटुंबिक इतिहास हा मुळातच अप्रसिद्ध माणसांचा इतिहास आहे.

निष्कर्ष

१. जुन्या इंग्रजी मृत्युपत्राचा शोध घेताना व्यक्तीच्या नावाइतकेच न्यायालयाचे अधिकारक्षेत्र महत्त्वाचे ठरते. १८५८ ही या शोधातील निर्णायक सीमारेषा होय.

२. मृत्युपत्रात नाव असणे हा नात्याचा पुरावा असू शकतो. परंतु नाव नसणे हा नाते नसल्याचा, वैराचा किंवा मृत्यूचा पुरावा ठरत नाही. मौनाचा अर्थ तत्कालीन वारसा कायद्याच्या प्रकाशातच लावला पाहिजे.

३. नातेवाचक शब्द त्या काळच्या अर्थाने वाचावेत आणि चर्चच्या नोंदवह्या, करवह्या व मालमत्तेच्या याद्या यांच्याशी पडताळून पाहावेत.

४. मुंबई इलाख्यातील मृत्युपत्रांचा उपयोग आपल्याकडील पदव्युत्तर संशोधनात अधिक प्रमाणात व्हावयास हवा. त्यांतील अनाम स्त्रियांचा शोध केवळ इंग्रजी कागदांतून पूर्ण होणार नाही. त्यासाठी स्थानिक मोडी व फारसी दप्तराची जोड द्यावी लागेल.

मृत्युपत्र करणारा माणूस आपल्या मागे काय राहावे याचा विचार करीत असतो. त्याने कोणाला वगळले याचा विचार करण्याचे काम मात्र इतिहासाच्या अभ्यासकाकडे येते. वारसांच्या यादीबाहेर राहिलेल्या माणसांची दखल घेतल्याशिवाय कोणत्याही कुटुंबाचा इतिहास पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.